पाणी कधी मारायचं नाही

चिल्हार फाट्याला महामार्ग सोडून बोईसरकडे वळणाऱ्या टँकरच्या मागे गाडी अडकली की लोक हॉर्न वाजवतात. मला आता टँकरच्या पाठीवरचा फलक वाचायची खोड लागली आहे. १२९४ आणि सोबत '३ वाय ई' असं दिसलं, तर आत टोल्यूइन आहे. १२९४ हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला त्याचा क्रमांक. ३ म्हणजे फेस मारा. वाय म्हणजे श्वसनसंच चढवा, भडक्याची शक्यता धरा आणि सांडलेला माल गटारात जाऊ न देता अडवा. ई म्हणजे आसपासची माणसं हलवावी लागतील, त्याचा विचार करा. धोकादायक रसायन वाहून नेणाऱ्या गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे असा माहितीफलक असलाच पाहिजे, हे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. फलक लावणं चालकमालकाचं काम झालं. तो वाचणाऱ्या माणसाचं शिक्षण कुठे होतं, या प्रश्नातून हा लेख सुरू झाला.

टोल्यूइन पाण्यापेक्षा हलकं. पेटलेल्या टोल्यूइनवर पाण्याचा फवारा सोडला तर ते पाण्यावर तरंगत, जळत, उताराकडे निघतं, आणि उताराला बहुधा गटार असतं. त्याचा ज्वलनांक सुमारे ४ अंश सेल्सियस. म्हणजे पालघरच्या जानेवारीतल्या पहाटेसुद्धा त्याची वाफ पेटायला तयार असते, ठिणगीची तेवढी खोटी. 'आग लागली की पाणी' हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तारापूर एमआयडीसीतल्या अग्निशामकाला आधी ते विसरावं लागतं.

या जिल्ह्यातल्या मुलासाठी सरकारी वाट कालिन्याला जाते. सांताक्रूझ पूर्वेला विद्यानगरीत, हंसभुग्रा मार्गावर राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. तिथला अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा. दहावी उत्तीर्ण लागतं आणि शरीराची मापं लागतात, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती फुगवून पाच सेंटिमीटरचा फरक. पदवीधरांसाठी उपस्थानक अधिकारी आणि अग्निप्रतिबंध अधिकारी हा वर्षाचा पाठ्यक्रम आहे. त्याच्याही पुढे जायचं तर नागपूर. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि वर्षभरात नागपूरला आलं. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या या संस्थेत अग्निअभियांत्रिकीची पदवी मिळते. देशभरातले अधिकारीही इथेच घडतात. २००२ साली इथे प्रवेश घेतलेल्या नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर या संस्थेतल्या पहिल्या विद्यार्थिनी. पुढे त्या ओएनजीसीच्या अग्निशमन सेवेत गेल्या.

आता वर्गात काय चालतं ते पाहू. पहाट परेडची. मग होजची कवायत: त्रेसष्ट मिलिमीटरचा नळ उलगडायचा, कपलिंग जोडायचं, ब्रँच धरायची, पाणी आलं की झटका बसतो तो खांद्याने पचवायचा. शिडी, दोरखंड, गाठी, जखमीला पाठीवर घेऊन उतरणं. बाहेरच्या माणसाला हेच दिसतं आणि भरतीच्या जाहिरातीतही हेच असतं. विद्यार्थी घाम गाळतात ते मात्र दुपारच्या गणितात. सहा लिटरची हवेची बाटली ३०० बारला भरली की १८०० लिटर हवा. राबणारा माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो असं धरलं तर ४५ मिनिटं. त्यातली दहा राखीव, उरली ३५. आत शिरायला बारा मिनिटं लागली असतील तर परत यायलाही निदान तेवढीच, मग प्रत्यक्ष कामाला किती? ही वजाबाकी चुकली की माणूस परत येत नाही. म्हणून बाहेर एकजण फळ्यावर प्रत्येकाचं नाव, आत जाण्याची वेळ आणि दाब लिहीत उभा असतो. मला विचाराल तर सगळ्या दलात तो सर्वांत महत्त्वाचा.

या गणिताचा बोईसरशी संबंध फार जवळचा आहे. २१ ऑगस्ट २०२५ रोजी इथल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात वायुगळतीने चार कामगार गेले. पहिल्या बातम्यांत नाव आलं ते नायट्रोजनचं. आपण घेतो त्या हवेत तो ७८ टक्के असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रिअॅक्टरमध्ये तो भरतात तोच मुळी आग लागू नये म्हणून, ऑक्सिजन हुसकावून लावायला. बंद जागेत माणसाचाही ऑक्सिजन तो तसाच हुसकावतो. अशा ठिकाणी पहिला कोसळतो, त्याला ओढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो, असं जगभर घडत आलं आहे. नुसता रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून तिथे काही होत नाही. प्रशिक्षणाचा पहिला धडा इथे अगदी क्रूर वाटतो: मित्र डोळ्यांसमोर पडलेला असला तरी संच घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

त्याआधीची ११ जानेवारी २०२० ही तारीखही इथे कुणी विसरलेलं नाही. शनिवारची संध्याकाळ होती. कोलवडे भागातल्या कारखान्यात स्फोट झाला आणि आठ माणसं गेली. हादरा कित्येक किलोमीटर दूरच्या गावांना बसला. अशा वेळी बंब पोहोचतो तेव्हा आतल्या मालाची यादी कोण देणार? भोपाळनंतर कारखाने अधिनियमात आणीबाणीचा आराखडा बंधनकारक झाला. तो कागद फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या हाताला लागेल अशा जागी असतो का, हे एकदा प्रत्येक व्यवस्थापकाने जाऊन पाहावं.

पाण्याच्या चुकीचा सगळ्यांत मोठा धडा आपल्याच मुंबईतला. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, 'फोर्ट स्टिकिन' जहाज. एकाच जहाजात कापूस आणि स्फोटकं. कापूस धुमसू लागला, शेकडो टन पाणी ओतलं, आगीचं मूळ सापडलं नाही, आणि दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अग्निशमन दिन त्यांच्याच तारखेला पाळतात.

तारापूरला आणखी एक वेगळी शाळा आहे. १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्रामुळे इथल्या मुलांना 'फायरमन' हे पद केंद्र सरकारच्या जाहिरातींत दिसत आलं. त्यात राज्य प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र मागतात आणि पंपचालकाच्या पदाला जड वाहनाचा परवाना. अणुकेंद्रातली आग म्हटलं की डोळ्यांपुढे अणुभट्टी येते. पण ३१ मार्च १९९३ रोजी नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात पेटला तो टर्बाइनचा भाग. पाती तुटली, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन सुटून पेटला आणि आग केबलवरून पसरत केंद्राची वीज घेऊन गेली. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. केबल भिंतीतून जाते तिथलं भोक नीट बुजवलेलं आहे ना, हे तपासणं कंटाळवाणं काम आहे. नरोऱ्यानंतर त्याला कुणी हलकं म्हणत नसेल.

कंटाळवाण्या कामातच नोकऱ्याही आहेत. २००६चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते देण्याआधी पंप सुरू करून पाहणारा, स्प्रिंकलरचा दाब मोजणारा माणूस लागतो. कारखान्यात सुरक्षा अधिकारी व्हायचं तर वाट निराळी: पदवी किंवा पदविकेवर औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका. विक्रमगड-जव्हारच्या मुलांना हे दोन रस्ते वेगळे आहेत हेच कुणी सांगत नाही, आणि त्या गोंधळावर 'फायर अँड सेफ्टी'चे फलक लावणाऱ्यांचं दुकान चालतं.

सगळ्याच खासगी संस्था खोट्या नाहीत. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. या प्रमाणपत्रावर कुठली सरकारी भरती अर्ज स्वीकारते, तिची जाहिरात दाखवा. श्वसनसंच किती आहेत आणि विद्यार्थी तो घालून धुराच्या खोलीत किती वेळा जातो? आणि मिथेनॉल पेटलं तर कुठला फेस मारायचा? साधा फेस अल्कोहोलवर टिकत नाही, विरघळून बसतो. त्याला अल्कोहोल सोसणारा वेगळा फेस लागतो. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माहितीपुस्तिका चाळू लागला, तर पावती फाडू नये.