सही कोणाची?

मुलुंडच्या वा बोरिवलीच्या एखाद्या सुशिक्षित घरांत सत्तरी उलटलेल्या वडिलांच्या घशांत कर्करोग निघाला, असें समजा. मुलगा परळच्या टाटा रुग्णालयांतून कागद घेऊन येतो आणि सांगतो, "नाना, घशाला जरा सूज आहे; शेक घेतला कीं उतरेल." असें सांगण्यांत प्रेमच असतें, हें आम्ही जाणतों. परंतु त्या कागदांत एक प्रश्नहि असूं शकतो: नव्या उपचाराच्या चाचणींत, म्हणजे डॉक्टर जिला क्लिनिकल ट्रायल म्हणतात तींत, रोगी सामील होणार काय? त्याखालीं सही हवी असते ती नानांची. ज्यास आपल्या रोगाचें नांवच ठाऊक नाहीं, त्यानें ती कशी करावी?

अशी चाचणी म्हणजे काय, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहूं. तोंडाचा वा घशाचा कर्करोग बराच वाढलेला असतां किरणोपचाराबरोबर सिस्प्लाटिन हें औषध देण्याचा प्रघात आहे. पण तें मूत्रपिंडांस व श्रवणशक्तीस अपाय करूं शकतें. म्हणून ज्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आहेत किंवा ज्यांस कमी ऐकूं येतें, त्यांस तें देणें धोक्याचें ठरतें. उतारवयांत या दोन्ही तक्रारी किती घरोघर आढळतात, हें वाचकांस सांगावयास नकोच. अशा रोग्यांसाठीं टाटा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं डोसीटॅक्सेल हें दुसरें औषध अजमावून पाहिलें. ३५६ रोगी चाचणींत घेतले. कोणास नुसते किरण व कोणास किरणांबरोबर औषध, हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरलें. तेथें डॉक्टरांची आवड चालली नाहीं, रोग्याचीहि नाहीं.

निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचें प्रमाण नुसत्या किरणांच्या गटांत शेंकडा ४१.७ होतें, तें औषधाच्या गटांत ५०.८ भरलें. परंतु तोंड व घसा आंतून सोलवटण्याचा तीव्र त्रास पहिल्या गटांत शेंकडा सुमारें २२ जणांस झाला, तो दुसऱ्यांत सुमारें ५० जणांस. लाभ खरा, आणि त्याची किंमतहि खरी. शिवाय चाचणींत शिरतांना यांपैकीं कांहींच कोणास ठाऊक नव्हतें. तें ठाऊक करून घेण्यासाठींच चाचणी होती.

"या वयांत नानांवर प्रयोग कशाला?" असें घरांतील मंडळी म्हणतात. शंका रास्त आहे. पण तिचें उत्तर कायद्यांत बरेंचसें आहे. २०१९ सालच्या नियमांप्रमाणें नव्या औषधाची चाचणी नैतिकता समितीच्या मान्यतेवांचून सुरू करतां येत नाहीं. रोग्यास सर्व माहिती त्यास समजेल अशा भाषेंत द्यावी लागते. चाचणीमुळें इजा झाल्यास उपचार विनामूल्य व भरपाईहि द्यावी लागते. आणि रोग्यास वाटेल त्या दिवशीं बाहेर पडतां येतें. तेवढ्यामुळें त्याचे नेहमींचे उपचार बंद होत नाहींत.

तेव्हां सहीपूर्वीं डॉक्टरांस विचारावें: चाचणींत न गेल्यास कोणता उपचार मिळेल? अधिक तपासण्या किती, आणि त्यांचा खर्च कोणाकडे? किरणोपचार सहा-सात आठवडे, आठवड्यांतून बहुधा पांच दिवस चालतो; तितके दिवस लोकलच्या गर्दींतून परळची वाट करणें नानांस झेपेल काय, आणि बरोबर कोण जाईल? हे शेवटचे प्रश्न सुनांनीं व मुलांनीं स्वतःसहि विचारावेत.

मग मात्र नानांजवळ बसून रोगाचें नांव शांतपणें सांगावें व त्यांचें मत विचारावें. एखादा वृद्ध म्हणेल, "नातीचें लग्न पाहावयाचें आहे; त्रास सोसेन." दुसरा म्हणेल, "उरले दिवस घरीं, चार घांस सुखानें गिळूं द्या." आमच्या मतें दोन्ही उत्तरें सारखींच आदरणीय आहेत. चुकीचें उत्तर एकच, तें म्हणजे नानांस न विचारतां दिलेलें. ज्या गृहस्थानें घर, मुलांचीं शिक्षणें व मृत्युपत्र हीं सर्व स्वतःच्या सहीनें केलीं, त्याची ही सहीहि त्यानेंच समजून करावी किंवा समजून नाकारावी, हें आम्हांस योग्य वाटतें.