सेवेच्या वाटेवर घडणारे युवा नेतृत्व

धर्मग्रामाचा सण जवळ आला की आपले युवक-युवती रात्री जागून मांडव सजवितात, खुर्च्या मांडतात, पंगतीत वाढतात. सण संपतो, मांडव उतरतो आणि पाळकीय परिषदेच्या पुढच्या बैठकीत वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : तरुण मंडळी पुढे का येत नाहीत? हा प्रश्न आम्हीही अनेकदा विचारला आहे. परंतु ज्यांनी खुर्च्या मांडल्या, त्यांना त्याच खुर्च्यांवर बसून निर्णय घेण्याची संधी आपण किती वेळा दिली, हे मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

नेतृत्वविकासाची शिबिरे आणि व्याख्याने ह्यांना आमचा विरोध नाही. त्यांतून उत्साह मिळतो. तथापि नेता घडतो तो त्याच्यावर कुणाची तरी खरी जबाबदारी पडते तेव्हा. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील दोन सेवाकार्ये ह्याची उत्तम साक्ष देतात.

एका आव्हानाचे उत्तर

पहिले उदाहरण पॅरिसचे. १८३२ साली त्या शहरात पटकीच्या साथीने हजारो माणसे दगावली होती. विद्यापीठातील काही कॅथोलिक विद्यार्थी तेव्हा एका चर्चामंडळात इतिहास, तत्त्वज्ञान आणि धर्म ह्यांवर वादविवाद करीत. कायद्याचा विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम हा त्यांतील अग्रणी. एकदा समाजवादी विचारांच्या एका तरुणाने त्यांना विचारले की, ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? ओझानामच्या मनाला हे शब्द झोंबले. प्रश्न कठोर होता, पण खोटा नव्हता.

२३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी संपादक इमान्युएल बायी ह्यांच्या कचेरीत जमले. बायी ह्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले, पण काम तरुणांचेच राहिले. गरिबांकडे जावे कसे, त्यांच्याशी बोलावे कसे, हे ह्या सुशिक्षित मुलांना ठाऊक नव्हते. मुफ्तार वस्तीतील दरिद्री कुटुंबांना घरोघर ओळखणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू त्यांच्या गुरू झाल्या. त्यांनी मुलांना गरजू घरांकडे पाठविले आणि उपदेशापूर्वी ऐकून घ्यायला शिकविले. ओझानाम आणि त्याचा मित्र ल तायांदिए ह्यांनी पहिल्याप्रथम आपल्या स्वतःच्या हिवाळ्याच्या सरपणातील उरलेली लाकडे एका गरीब घरी पोहोचविली, असे सांगतात. हेच मंडळ पुढे संत विन्सेंट डी पॉल संस्था म्हणून जगभर पसरले. आज दीडशेहून अधिक देशांत तिचे कार्य चालते आणि आपल्याही अनेक धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत.

ह्या संस्थेच्या कार्यपद्धतीतील तीन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली, प्रत्यक्ष गृहभेट. वर्गणी देऊन कुणाची सुटका नव्हती, जिना चढून त्या घरी जावेच लागे. दुसरी, नियमित बैठक. भेटीत काय दिसले, काय चुकले, पुढे काय करायचे हे सर्वांसमोर मांडावे लागे. तिसरी गोष्ट अवघड होती. सभासदांची संख्या शंभरापुढे गेली, तेव्हा एकाचे अनेक गट करावेत, असा प्रस्ताव ओझानामने मांडला. जीवाभावाचे मित्र दुरावतील म्हणून त्यावर मोठा वाद झाला, तरी १८३५ मध्ये विभागणी झालीच. मोठ्या मंडळात चारच बोलतात, बाकीचे ऐकतात. लहान गटात प्रत्येकाला बोलावे लागते आणि प्रत्येकाला काम उचलावे लागते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : ओझानाम स्वतः संस्थेचा सर्वोच्च अध्यक्ष कधीही झाला नाही. १८५३ साली चाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्याला धन्यवादित घोषित केले ते १९९७ साली, पॅरिसमध्ये जागतिक युवा दिनासाठी तरुणाई जमली असताना.

पाहा, पारखा, कृती करा

दुसरे उदाहरण बेल्जियमचे. जोसेफ कार्डाइन हा कष्टकरी घरातला मुलगा सेमिनरीत गेला. सुट्टीत घरी आल्यावर त्याला दिसले की, कारखान्यात कामाला लागलेले आपले शाळासोबती आपल्याला आता परके मानतात आणि ख्रिस्तसभेपासूनही दूर गेले आहेत. हे शल्य घेऊनच १९०६ साली तो धर्मगुरू झाला. कामगार युवक-युवतींसोबत अनेक वर्षे काम केल्यावर १९२५ मध्ये तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ औपचारिकपणे उभी राहिली.

फादर कार्डाइन ह्यांनी युवकांना तयार उत्तरे दिली नाहीत, प्रश्न दिले. तुझ्या कारखान्यात नव्या पोराला कसे वागवितात? मजुरी किती मिळते? आजारी पडल्यास काय होते? आधी नीट पाहा, मग शुभवर्तमानाच्या प्रकाशात पारखा आणि शेवटी एखादी तरी कृती करा, ही त्यांची त्रिसूत्री. पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६१ सालच्या 'मातेर एत माजिस्त्रा' ह्या परिपत्रकात हिचा पुरस्कार केला. ह्या शिक्षणाचे मोल पुढे सिद्ध झाले. चळवळीचे दोन प्रापंचिक संस्थापक, फर्नांद तोने आणि पॉल गार्से, १९४५ साली दाखाऊच्या नाझी छळछावणीत मृत्यू पावले.

आपल्याकडील अनुभव

आपल्या देशातही सेवेतून नेतृत्व हा विचार नवा नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे शिबिर अशी तिची आखणी. आपली अनेक मुले-मुली महाविद्यालयात ह्या योजनेतून गावांत जातात, सर्वेक्षण करतात, रक्तदान शिबिरे भरवितात. तीच मुले धर्मग्रामात आली की त्यांच्या हाती आपण फक्त पताका देतो!

येथे आम्हांस आमचीही चूक कबूल केली पाहिजे. युवा गटाने एकदा आमच्याकडे मदतनिधीच्या हिशेबाची वही मागितली होती. गरजू कुटुंबे आम्हीच शोधू आणि पैशाचा हिशेबही देऊ, असे त्यांचे म्हणणे होते. 'पुढच्या वर्षी पाहू,' असे उत्तर आम्ही दिले. पुढच्या वर्षी वही मागायला कुणी आलेच नाही.

काय करता येईल?

आरंभ लहान असावा. सहा-सात युवक-युवतींचा एक गट, त्यांच्याकडे चार-पाच घरे : एकाकी वृद्ध, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेला रुग्ण, परगावाहून आलेले मजूर कुटुंब. तेथे धर्माची वा जातीची विचारपूस नसावी. भेटीला नेहमी दोघांनी मिळून जावे, वयाने लहान असलेल्यांबरोबर जाणते माणूस असावे. पंधरवड्यातून एकदा बैठक व्हावी आणि तिची नोंद राहावी. निधी थोडा असला तरी तो गटाच्या हाती असावा आणि हिशेब उघड असावा. प्रमुख दरवर्षी बदलावा. धर्मगुरूंनी आणि वडीलधाऱ्यांनी बायी आणि सिस्टर रोझाली ह्यांच्यासारखे जवळ राहावे, पण सूत्रे आपल्या हाती घेऊ नयेत. तरुणांच्या हातून चुका होतील. आपल्याही झाल्या होत्या.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना दोघा-दोघांनी पुढे पाठवितो. ते परतल्यावर त्यांचा वृत्तान्त ऐकतो आणि त्यांच्या आनंदालाही योग्य वळण देतो. पाठविणे, ऐकणे आणि घडविणे हा क्रम आपल्या प्रभूचाच आहे. शिष्य पूर्ण तयार होईपर्यंत तो थांबला नाही. पाठविल्यामुळेच ते तयार झाले.

आज पाळकीय परिषदेत बसणारी मंडळी कधीतरी त्या खुर्च्या रिकाम्या करणार आहेत. तेव्हा तेथे येणाऱ्याला आपल्या धर्मग्रामातील दुःखी घरांची दारे ठाऊक असतील की केवळ मांडवाचे खांब, हे आज आपण त्याच्या हाती काय सोपवितो, ह्यावर अवलंबून आहे. ह्या सणानंतरच्या पहिल्याच बैठकीत ती वही त्यांच्या हाती द्यावी, अशी आमची विनंती आहे.