नाव-पत्ता कळवा, गाणं पाठवतो
(लेखमाला : कलेचा जमाखर्च, लेखांक ७)

गेल्या लेखात स्ट्रीमिंगच्या पैशाचा हिशेब पाहिला. गाणं लाखो लोक ऐकतात, पण त्यांची नावं-पत्ते गायकाला कळत नाहीत. ती माहिती कंपनीच्या तिजोरीत राहते. काही कलावंतांनी मात्र रसिकांशी थेट व्यवहार ठेवला, आणि त्यासाठी त्यांना एक साधी यादी पुरली. तिच्यातलं प्रत्येक नाव रसिकाने आपणहून दिलेलं असतं.

ही पद्धत ईमेलपेक्षा जुनी आहे. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडने १९७१च्या आपल्या अल्बमच्या आतल्या बाजूला छोटंसं आवाहन छापलं होतं: नाव-पत्ता कळवा, आम्ही खबरबात देत राहू. पत्रं येत गेली, यादी हजारोंवर पोहोचली. पुढे १९८३पासून हा बँड मैफलींची तिकिटं टपालाने थेट चाहत्यांना विकू लागला.

ईमेलच्या काळात हाच धडा ब्रिटनच्या ‘मरिलियन’ने गिरवला. १९९७मध्ये अमेरिकेचा दौरा परवडत नाही, असं बँडचे कीबोर्डवादक मार्क केली यांनी इंटरनेटवरच्या चाहत्यांना सांगितलं. चाहत्यांनी आपसात वर्गणी काढून सुमारे ६० हजार डॉलर उभे केले. बँडला आपली खरी पुंजी कुठे आहे, ते उमगलं. १९९९च्या अल्बमसोबत त्यांनी एक कार्ड दिलं. ते भरून पाठवणाऱ्याला आणखी एक सीडी फुकट! चाहत्याला जादा गाणी मिळाली, बँडला पत्ते मिळाले.

मग बँडने एक धाडस केलं. ‘अजून रेकॉर्डही न झालेल्या अल्बमचे पैसे आगाऊ द्याल का?’ असं ईमेलने विचारलं. १२ हजारांहून अधिक लोकांनी आगाऊ मागणी नोंदवली आणि २००१मध्ये ‘ॲनोरॅकनोफोबिया’ आला. वेळेत पैसे भरणाऱ्यांची नावं खास आवृत्तीच्या पुस्तिकेत छापली गेली. वर्गणीदारांची नावं अहवालात छापणाऱ्या आपल्या मंडळांना यातलं मर्म सांगायला नको.

हीच यादी बाजारातून विकत आणली असती, तर?

उत्तर १९७८मध्येच मिळालं होतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना न विचारता संगणकाची जाहिरात धाडली. ओरड झाली, आणि आज ती जगातला पहिला स्पॅम म्हणून ओळखली जाते. सेथ गोडिन यांनी १९९९च्या ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकात याच्या उलट वाट मांडली. ज्याने होकार दिला त्यालाच, त्याच्या कामाचं आणि त्याला अपेक्षित असलेलंच पाठवायचं.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? कार्यक्रमानंतर सीडी-टीशर्टच्या टेबलावर वही ठेवलेली असते. त्यात नाव, ईमेल आणि गाव असे तीन रकाने. दुसऱ्या दिवशी एक मेल जातो: ‘तुम्हीच नाव दिलंत ना? मग इथे क्लिक करा.’ क्लिक केलं तरच नाव पक्कं. यामुळे चुकीचे किंवा दुसऱ्याच कुणी भरलेले पत्ते आपोआप गळतात. गावाचा रकाना सर्वांत मोलाचा, कारण नाशिकच्या मैफलीचा मेल नागपूरकरांना पाठवून त्यांना पिडण्याचं कारण उरत नाही. वहीऐवजी गाण्याच्या मोबदल्यातही पत्ते जमवता येतात: ‘नाईन इंच नेल्स’ या अमेरिकन बँडने २००८मध्ये ‘द स्लिप’ हा अख्खा अल्बम फुकट दिला, तो ईमेल पत्त्याच्या बदल्यात.

आता यात कायदाही आला. अमेरिकेत २००३च्या कायद्यानुसार ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव कामाच्या १० दिवसांत काढावं लागतं. युरोपात २०१८पासून आधीच टिक केलेला चौकोन संमती म्हणून चालत नाही. भारताच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचा पायाही संमतीच आहे. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४पासून दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना बजावलं आहे, की स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या खालीच राहायला हव्यात.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा सोशल मीडिया सोपा नाही का? सोपा आहे, पण तिथला हुकूम दुसऱ्याचा. २०१६च्या आधी मायस्पेसवर चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचं २०१९मध्ये उघड झालं. २९ जून २०२०च्या बंदीने टिकटॉकवरच्या मराठी कलाकारांचे फॉलोअर एका फटक्यात गेले. ईमेलची यादी मात्र फाइल म्हणून आपल्याकडे राहते. पाठवणारी सेवा बदलली तरी ती सोबत नेता येते.

आपल्याकडे अजून न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर टाकण्याची रीत आहे. लोक तो ग्रुप म्यूट करतात आणि कार्यक्रमाची तारीखही त्यांच्या नजरेतून सुटते. पुढच्या मैफलीत आयोजकांनी दाराशी एक वही ठेवावी आणि वरच लिहावं: महिन्याला एकच मेल येईल, नको झाला तर कळवा. पुढच्या आठवड्यात त्या एका मेलमध्ये काय लिहायचं, ते पाहू.