चष्मा लावून बोलताना 'ते' म्हणजे नेमकं कुठलं?

फोनवरून कुणाला घरातली वस्तू शोधायला सांगून बघा. "डावीकडचं कपाट उघड, वरून दुसरा कप्पा, मागे निळा डबा आहे बघ..." तेच समोर असता, तर बोट दाखवून "तो दे" म्हटलं की झालं!

हा, तो, इथे, तिथे या शब्दांना सोबत बोट लागतं, नजर लागते. आणि बोलणाऱ्या दोघांना एकच गोष्ट दिसावी लागते. मिक्स्ड रिॲलिटी, म्हणजे खऱ्या जगात डिजिटल वस्तू मांडून दाखवणारं तंत्रज्ञान, नेमकं इथेच हात घालतंय.

कल्पना तशी जुनी. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी 'पुट दॅट देअर' ही यंत्रणा मांडली. खुर्चीत बसलेला माणूस भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट करून "ते तिथे ठेव" म्हणायचा आणि आकार सरकायचा. २०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये तर निवडण्यासाठी नजर पुरते, मग दोन बोटांची चिमटी केली की क्लिक.

आता विचार करा, पुण्यात बसलेला मेकॅनिक गावाकडच्या तुमच्या पंपावर खूण करतोय, "हा नट नाही, शेजारचा." फोनमुळे लागलेली लांबलचक वर्णनाची सवय कमी होईल, असं वाटतं.

पण उलटंही होईल. एकाच खोलीत दोघे. एकाच्या चष्म्यात भिंतीवर नकाशा, दुसऱ्यासाठी नुसती भिंत. "ते बघ ना!" "काय?" लॉकडाऊनमध्ये प्रत्येक मीटिंग "आवाज येतोय का?" ने सुरू व्हायची, तसं आता "तुला दिसतंय का?" विचारावं लागेल.

चष्म्यातल्या भाषांतराची गंमत वेगळीच. दहा भाषांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी ०.२ सेकंद लागतात. मराठीत क्रियापद येतं शेवटी. "मी उद्या तुमच्या कार्यक्रमाला..." इथपर्यंत ऐकून माणूस येणार की नाही, हे यंत्राला कसं कळणार? ते थांबणार आणि गप्पांची लय अडखळणार.

शिवाय परदेशी जावई इंग्रजीत नुसतं 'यू' म्हणाला, तर सासऱ्यांच्या चष्म्यात 'तुम्ही' उमटणार की 'तू'?