पित्त व पित्ताशय : अन्नपचनांतील त्यांचें कार्य

शेतांत खत टाकलें म्हणजे तें पिकास मिळालें असें होत नाहीं. तें पाण्यांत विरघळून मुळांशीं पोंचावें लागतें, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. शरीराचीही गोष्ट तशीच आहे. तेलतूप पोटांत गेलें एवढ्यानें तें अंगीं लागत नाहीं. त्यासाठीं पित्त नांवाचा एक रस लागतो. ह्या रसाची वाट अडली म्हणजे माणसाची, तशीच गोठ्यांतील जनावराची, प्रकृति झपाट्यानें ढांसळते. सबब हा विषय वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. घशाशीं आंबट पाणी आलें म्हणजे "पित्त झालें" असें आपण म्हणतों. परंतु तें आंबट पाणी जठरांतील अम्लरस होय. आयुर्वेदांत पित्त ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं. येथें पित्त म्हणजे यकृतांत तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस इतकेंच समजावें. हा रस आंबट नसून किंचित् क्षारधर्मी असतो. बकरा कापतांना खाटिक काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी जपून काढून टाकतो. कारण ती फुटली तर सारें मांस कडू होतें. ती पिशवी म्हणजेच पित्ताशय.

प्रौढ माणसाचें यकृत उजव्या बरगड्यांखालीं असून त्याचें वजन सुमारें दीड किलो भरतें. दिवसरात्र मिळून तें अर्ध्या लिटरापासून एक लिटरापर्यंत पित्त तयार करतें. पित्ताशय मात्र लहान वांग्याएवढें. त्यांत ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो. मग एवढें पित्त साठतें कसें? पित्ताशय आंतील पाणी शोषून घेऊन पित्त पांच ते दहा पट दाट करतें. विहिरीचा झरा अहोरात्र वाहतो, परंतु पिकास पाणी पाळीच्या वेळींच लागतें. म्हणून आपण हौद बांधतों. पित्ताशय हा तसाच हौद आहे. पोट रिकामें असतां आंतड्याकडील तोंड मिटलेलें राहतें आणि पित्त ह्या हौदांत वळतें.

हौदाचें तोंड कोण उघडतें? जेवणांतील स्निग्ध अंश जठरांतून लहान आंतड्यांत उतरतांच आंतड्याच्या अस्तरांतून एक द्रव्य रक्तांत मिसळतें. अमेरिकेंत शिकागो येथें आयव्ही व ओल्डबर्ग ह्यांनीं १९२८ सालीं त्याचा शोध लावून त्यास कोलेसिस्टोकायनिन असें नांव दिलें. त्याच्या योगानें पित्ताशय आकुंचन पावतें, नळीचें तोंड सैल पडतें आणि दाट पित्त अन्नांत येतें.

पुढील काम शेतकऱ्यास ओळखीचें वाटेल. माव्यावर फवारण्यासाठीं पूर्वी रॉकेल, साबण व पाणी ह्यांचें मिश्रण करीत. नुसतें रॉकेल पाण्यावर तरंगतें. साबण घालून घुसळलें म्हणजे त्याचे बारीक थेंब होऊन दुधासारखें पांढरें मिश्रण बनतें. पित्तांतील क्षार पोटांत साबणाचेंच काम करतात. स्निग्ध अंशाचे रासायनिक तुकडे पित्त स्वतः करीत नाहीं. तें काम स्वादुपिंडाच्या रसाचें. परंतु मोठ्या थेंबाचे असंख्य सूक्ष्म थेंब झाल्याखेरीज त्या रसास काम करण्यास पुरेसा पृष्ठभाग मिळत नाहीं. हें कार्य आटोपल्यावर आंतड्याच्या शेवटच्या भागांतून शेंकडा ९५ च्या सुमारास पित्तक्षार पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परत जातात. निसर्गाची ही काटकसर खरोखर शिकण्याजोगी आहे.

पित्त न मिळाल्यास केवळ तूप वायां जातें असें नव्हे. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्निग्ध पदार्थांबरोबरच शोषलीं जातात. डेन्मार्कमध्यें हेन्रिक डाम ह्यांनीं १९२९ सालीं कोंबडीच्या पिलांस स्निग्धांश काढलेलें खाद्य देऊन पाहिलें, तेव्हां पिलांच्या अंगांत रक्तस्राव होऊं लागला. ह्यांतूनच पुढें रक्त गोठविणाऱ्या 'के' जीवनसत्त्वाचा शोध लागला. अमेरिकेंतील डॉयझी ह्यांनीं तें आपल्या ओळखीच्या लसूणघासांतून शुद्ध स्वरूपांत मिळविलें, व दोघांस १९४३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पित्ताची वाट अडलेल्या रोग्याची जखम लवकर कां थांबत नाहीं, ह्याचा उलगडाही त्यामुळें झाला.

ही वाट अडविणारें मुख्य कारण म्हणजे पित्तखडे. हे आज सोनोग्राफीनें सहज दिसतात. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखालीं तीव्र कळ येऊन ती पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणें, हें त्यांचें नेहमीचें लक्षण. खडा मुख्य नळींत अडकला म्हणजे डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते व शौचाचा रंग पांढुरका पडतो. अशी कावीळ गंडादोरा किंवा झाडपाला ह्यांनीं उतरणारी नव्हे. त्यांत थंडी वाजून ताप आला तर एक दिवसही न दवडतां इस्पितळ गाठावें. शस्त्रक्रियेचें भय बाळगूं नये. बर्लिनमध्यें लांगेनबुख ह्यांनीं १८८२ सालीं प्रथम पित्ताशय काढलें व रोगी बरा झाला. यकृत शाबूत असल्यानें पित्त थेट आंतड्यांत उतरत राहतें. घोड्यास तर जन्मतःच पित्ताशय नसतें!

गुरांमध्यें हीच वाट दुसऱ्या शत्रूच्या ताब्यांत जाते. पानाच्या आकाराचा एक चपटा जंत गाई, म्हशी व शेळ्यामेंढ्यांच्या पित्तनळ्यांत घर करतो. त्याचीं अंडीं पित्ताबरोबर आंतड्यांत व तेथून शेणांत येतात; डबक्यांतील गोगलगाईच्या शरीरांत त्यांची पुढील वाढ होते, आणि शेवटीं पिलें काठच्या गवताला चिकटून पुन्हा जनावराच्या पोटांत शिरतात. जनावर खंगतें, दूध आटतें, पापण्या आंतून फिक्या दिसतात व जबड्याखालीं पाणी उतरून सूज येते. सबब दलदलीच्या काठीं गुरें चारूं नयेत. पाणी शक्य तों हौदांत पाजावें. शेण चांगलें कुजवूनच शेतांत घालावें. आणि वरील लक्षणें दिसतांच पशुवैद्याकडून औषध पाजून घ्यावें.

पाट तुंबला तर पीक वाळण्याची वाट कोणी पाहात बसत नाहीं. फावडें घेऊन आपण रात्रींबेरात्रीं बांधावर जातों. घरच्या माणसाचे डोळे पिवळे दिसल्यास, अगर म्हशीच्या जबड्याखालीं सूज आल्यास, तीच तत्परता दाखवावी, एवढेंच वाचकांस आग्रहाचें सांगणें आहे.