घाईची ठिणगी
टू-स्ट्रोकची शाळा : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण आरएक्स १००चं हेड लेथवर उतरवून कॉम्प्रेशन वाढवलं आणि एक्स्पान्शन चेंबर लावून गाडी पुन्हा उभी केली. इथवर आलं की हात आपोआप मॅग्नेटच्या कव्हरकडे जातो. ‘टायमिंग जरा पुढं घे, गाडी उडेल,’ असं सांगणारा एक तरी जाणकार गॅरेजबाहेर बसलेला असतोच. माझ्याही वाट्याला तो आला आणि मी त्याचं ऐकलं. कात्रजचा घाट चढताना टाकीखालून डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज यायला लागला. तरी मी मूठ सोडली नाही. दुसऱ्या दिवशी हेड उघडलं, तर पिस्टनच्या माथ्याची एक्झॉस्टकडची कड उंदरानं भाकरी कुरतडावी तशी खाल्लेली. प्लगच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर चकचकीत बारीक ठिपके. ते ॲल्युमिनियम होतं, पिस्टनचंच.

मिश्रण पूर्ण पेटायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. ७,५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत संपतो. त्यातले २० अंश म्हणजे जेमतेम ०.४४ मिलिसेकंद. तेवढ्यात ज्वाळा पसरून, पिस्टन खाली वळल्यावर थोड्याच अंशांनी दाब शिगेला पोचायला हवा. ठिणगी लवकर पडली, तर पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढतो. मग ज्वाळा न पोचलेलं कडेचं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं स्वतःच, एकदम भडकतं. यालाच डिटोनेशन म्हणतात, गॅरेजमध्ये नॉकिंग.

हा खेळ किती बारीक आहे ते मोजून पाहा. आरएक्स १००चा स्ट्रोक ५० मिलिमीटर. कनेक्टिंग रॉड १०० मिलिमीटरचा धरला, तर वरच्या टोकाआधी २० अंशांवर पिस्टन १.८७ मिलिमीटर खाली असतो आणि २४ अंशांवर २.६८ मिलिमीटर. मॅग्नेटमागची प्लेट ९० मिलिमीटर व्यासाची असेल, तर कडेला ती तीन मिलिमीटर फिरली की चार अंश सरकले. म्हणून टायमिंग डोळ्यांनी लावू नये. प्लगच्या भोकात डायल गेज बसवूनच लावावं.

आता ‘पुढं घे’ या सल्ल्याकडे वळू. तो मुळात फोर-स्ट्रोकच्या घरचा. जुन्या मोटारींच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये छोटी वजनं असत. वेग वाढला की ती बाहेर फेकली जाऊन ठिणगी आणखी आधी पाडत. चेंबर लावलेल्या टू-स्ट्रोकचं घड्याळ मात्र वरच्या वेगाला उलटं चालतं. पॉवरबँडच्या खाली सिलिंडरमध्ये जळका वायू बराच उरतो, मिश्रण सावकाश जळतं, तिथं ठिणगी आधी हवी. पॉवरबँड आला की एक्झॉस्टमधून निसटलेलं ताजं मिश्रण चेंबरची दाबलहर परत आत ढकलते. सिलिंडर गच्च भरतो, ज्वलन झपाट्यानं होतं आणि नॉकिंगचा धोकाही इथंच सर्वांत जास्त असतो. इथं ठिणगी थोडी मागं हवी.

त्याही वर गेलं की आणखी एक गंमत. ठिणगी उशिरा पडली, तर बरीच उष्णता सायलेन्सरमध्ये जाते. गरम वायूत लहर जोरात धावते, म्हणजे तोच पाइप इंजिनाला आखूड असल्यासारखा भासतो आणि गाडी वरच्या आरपीएमला आणखी ओढते. रेसिंगच्या सीडीआयमध्ये वरच्या टोकाला टायमिंग मागं आणतात ते याचसाठी. टायमिंग पुढं घेतलं की उलट घडतं: हेड तापतं, पाइप थंडावतो.

मग भारी पेट्रोल टाकलं तर? ऑक्टेनचा आकडा ताकद सांगत नाही. १९२०च्या दशकात ग्रॅहम एडगर यांनी ही मोजपट्टी सुचवली. सहज नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य, दाब सोसणाऱ्या आयसो-ऑक्टेनला शंभर. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दाब सोसणारं. डिसेंबर २०२०पासून पुण्या-मुंबईत १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० मिळू लागलं, पण कंपनीतून आलेल्या मूळ आरएक्समध्ये ते ओतून हाती काही लागत नाही. हेड उतरवलं असेल, तर त्यानं थोडी सूट मिळते, एवढंच.

म्हणून क्रम असा ठेवा: टायमिंग कंपनीच्या आकड्यावर, मग जेटिंग, मग कॉम्प्रेशनला पुरेल इतकं ऑक्टेन. मग हवंच असेल, तर एकेक अंश सरकवा आणि दर वेळी प्लग काढून भिंगाखाली पाहा. कानावर विसंबू नका. चढावर नॉकिंग ऐकू येतं, पण चेंबर गर्जायला लागला की त्याखाली ते दडून जातं.

मी नवा पिस्टन टाकला, टायमिंग आणलं परत जुन्या जागी. घाटात खडे वाजले नाहीत, आणि सपाटीवर तिसऱ्या गिअरला गाडी आधी जिथं दम टाकायची, त्याच्याही पुढं ओढत राहिली. जाणकार अजून गॅरेजबाहेर बसतो. मी चहा पाजतो, पाना देत नाही.

(पुढच्या आठवड्यात : इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जेटचा नंबर)