जुना टायर दुकानात सोडण्यापूर्वी

नवे टायर बसवल्याने गाडीचे अलाइनमेंट बिघडत नाही. चाकांचे कोन सस्पेंशन आणि स्टिअरिंगच्या जोडकामावर ठरतात, आणि डिस्कवरचा जुना टायर उतरवून नवा चढवताना त्या भागांना कोणी हात लावत नाही. त्यामुळे ‘टायर नवे, म्हणजे अलाइनमेंट करावेच लागते’ हे सरसकट खरे नव्हे. तरीही गंगाखेड परिसरात फिरणाऱ्या गाडीला ते बहुतेक वेळा करून घ्यावे लागते. कारण इथले रस्ते.

गोदाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता भक्कम भरावाशिवाय झाला असेल, तर वर्षा-दोन वर्षांत डांबराला लाटा येतात, कडा खचतात. गाळप हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्यांना वाट देताना गाडीची डावी चाके साइडपट्टीवर उतरतात. परत वर चढताना डांबराच्या तुटक्या कडेचा मार चाकाला बसतो. असा मार टाय रॉड, लोअर आर्म आणि रबरी बुशांपर्यंत पोचतो. एखाद्या जोरदार दणक्यात कोन हलतो. बहुतेकदा मात्र बुश आणि बॉल जॉइंट सावकाश झिजतात आणि कोन नकळत सरकत जातो.

हे कोन तीन. पुढून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर कलते तो कॅम्बर. स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरते त्याचा मागे-पुढे असलेला कल म्हणजे कॅस्टर. वरून पाहिल्यास दोन्ही चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असतात तो टो. टायरचे सर्वात जास्त नुकसान टो करतो. एखादे चाक सरळ दिशेपासून अंशाचा फक्त दहावा भाग वळलेले असले, तरी दर किलोमीटरला ते सुमारे पावणेदोन मीटर आडवे घासत जाते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, रबराला तो सोसावा लागतो. मेकॅनिक अशा वेळी ‘गाडी टायर खाते’ असे म्हणतात.

म्हणून निर्णयाचा खरा पुरावा जुन्या टायरवर असतो, आणि तो बदल्यात देऊन टाकण्याआधी नीट पाहिला पाहिजे. चारही टायर पूर्ण रुंदीत सारखे झिजले असतील, तर अलाइनमेंट बरोबर असण्याचीच शक्यता अधिक. केवळ मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड खाल्लेली दिसली की टो किंवा कॅम्बर बिघडल्याचा संशय घ्यावा. ही झीज पुष्कळदा आतल्या कडेला असते आणि गाडी उभी असताना दिसतही नाही. टायर उतरवल्यावर बाहेरची बाजू नवीकोरी आणि आतून तारा उघड्या, असा प्रकार समोर येतो. टायरवरून तळहात आडवा फिरवणे ही आणखी एक साधी तपासणी. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले, तर टो बिघडलेला आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर दोष शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा किंवा बॅलन्सिंगचा असू शकतो.

बॅलन्सिंग हे वेगळे काम आहे आणि नव्या टायरला ते प्रत्येक वेळी लागतेच, कारण टायर आणि डिस्क यांचे वजन सगळीकडे सारखे नसते. डिस्कला लहान वजने लावून ते जुळवतात. वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरते ते सहसा बॅलन्सिंगमुळे. सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ती सरळ चालताना स्टिअरिंग वाकडे राहत असेल, तर अलाइनमेंट तपासावे.

झीज सारखी, स्टिअरिंग सरळ आणि अलाइनमेंट नुकतेच झालेले असेल, तर नव्या टायरसाठी ते पुन्हा करण्याची गरज नाही. यातल्या एखाद्याही गोष्टीची खात्री नसेल तर करून घ्यावे. चार टायरांच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. टाय रॉड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्म बदलला असेल, तर मात्र पर्यायच नाही.

काम करून घेताना क्रम महत्त्वाचा. आधी चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा, मग खिळखिळे झालेले सुटे भाग बदलणे आणि शेवटी मशीन. ढिल्या बॉल जॉइंटवर केलेले अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात जाते. आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्यावा. बऱ्याच लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा टो तेवढाच फिरवता येतो. अशा गाडीचा कॅम्बर मर्यादेबाहेर दिसला, तर एखादा भाग वाकला आहे असे समजून तो शोधावा लागतो.

नवे टायर बसवल्यावरच गाडी ओढू लागली आणि मापे बरोबर असतील, तर दोष एखाद्या टायरच्या घडणीत असू शकतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल, तर पुढचे दोन टायर आपसात डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर तो टायर वॉरंटीत दाखवावा. तशीच राहिली तर ब्रेक आणि सस्पेंशन तपासावे.